बोडीचं ग्रामदैवत

"इथला देव कुठला?" गाडीतून उतरल्या उतरल्या आईने विचारलं.

नव्या गावात पाय ठेवला की तिचा हा पहिला प्रश्न असतो. सॅन फ्रान्सिस्कोतही विचारला होता. तिथे शहराच्या नावातच संत फ्रान्सिस बसलेला असल्यामुळे मी सुटले. इथे मात्र अडकले. समोर उतारावर उन्हाने करपून तपकिरी पडलेली लाकडी घरं, काही एका अंगावर कललेली. मधून धुळीचा रस्ता. चहूकडे सेजब्रशची खुरटी झुडपं आणि त्यांचा ओव्यासारखा उग्र वास. झाड एक नाही. टेकडीवर पत्र्याची अवाढव्य गिरणी, खनिज दळायची. माणसं होती, पण सगळी आमच्यासारखीच, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन आलेली.

गावाचं नाव बोडी.

"नावासारखंच बोडकं आहे," आई म्हणाली.

कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पलीकडे, मोनो तलावाच्या उत्तरेला हे गाव आहे. उंची ८,३७५ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळपास तीन हजार फूट वर. हमरस्ता सोडल्यावर तेरा मैल आत जावं लागतं आणि शेवटचे तीन मैल रस्ता असा, की आईला राजापूरच्या पुढची आमच्या गावची वाट आठवली. "आई, पाणी घ्या बरोबर, आत खायला काही मिळत नाही," असं जावईबापूंनी बजावलं होतं. तिने पाणी घेतलंच, वर डब्यात दडपे पोहे घेतले.

आई सहा महिन्यांसाठी आली होती. योसेमिटी बघून झालं होतं. बोडीला यायचा हट्ट माझा. रिकाम्या गावांचं मला जरा वेड आहे, आणि त्याचं कारण आमच्या गावातच आहे. तिथल्या घरांना कुलपं आहेत. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, आठ दिवस चुली पेटतात, मग पुन्हा कुलपं. पण देवीच्या देवळाला दर दोन वर्षांनी नवा रंग लागतो. गेला महिनाभर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद चालू होता. देवळाची मंगलोरी कौलं ठेवायची की काढून पत्रे टाकायचे? आई पत्र्याच्या बाजूची. पावसाळ्याआधी कौलं परतायला गावात माणूस राहिला नाही, हा तिचा मुद्दा, आणि त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

बोडीची गोष्ट अशी. १८५९ साली डब्ल्यू. एस. बोडी नावाच्या माणसाला या डोंगरांत सोनं सापडलं. हा न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकीप्सीचा. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात शिधा आणायला गेला आणि परतताना बर्फाच्या वादळात सापडून मेला. ज्याच्या नावाने गाव वसलं त्याला गाव बघायलाच मिळालं नाही. नावाचं स्पेलिंगही पुढे बदललं. कोणी म्हणतं एका पाटी रंगवणाऱ्याने चूक केली, कोणी म्हणतं लोकांनी उच्चार चुकू नये म्हणून मुद्दाम बदललं. मला पाटीवाला जास्त पटतो.

पुढची सतरा वर्षं काही विशेष झालं नाही. चार झोपड्या, थोडं खोदकाम. मग १८७६ मध्ये पुढे स्टँडर्ड म्हणून गाजलेल्या खाणीत घसघशीत सोनं लागलं आणि तीन-चार वर्षांत इथे सात ते दहा हजार माणसं जमली, असं सांगतात. मुख्य रस्ता मैलभर लांब. त्यावर, आणि त्याच्या आजूबाजूला, मिळून ६५ गुत्ते.

"पासष्ट?" आईने परत विचारलं. "आणि देऊळ?"

एकही नाही. म्हणजे चर्चची इमारत नव्हती. धर्मोपदेशक येत, प्रार्थना होत, पण कोणाच्या घरात नाहीतर खाण कामगारांच्या युनियनच्या हॉलमध्ये. त्याच हॉलमध्ये नाचगाणीही होत. चिनी वस्तीत एक ताओ मंदिर होतं. ही चिनी मंडळी गावाला लाकूड, कोळसा, भाजीपाला पुरवायची. त्या वस्तीतलं आज फारसं काही उभं नाही. आणि या सगळ्यांच्या आधी हा मुलूख मोनो तलावाकाठच्या पायूट लोकांचा होता. डोंगरातल्या पाइनच्या बिया ही त्यांची हिवाळ्याची बेगमी. खाणींना आणि बंबांना सरपण लागलं तेव्हा ती झाडंच गेली. गावाचं बोडकेपण उंचीमुळे आणि वाऱ्यामुळे आहेच, पण थोडं कमावलेलंही आहे.

घंटा मात्र गावात होती, आगीच्या बंबाच्या ठाण्यातली. कोणी मेलं की त्याला पुरताना, जितकं वय तितके टोल ती घंटा द्यायची. ती वारंवार वाजायची आणि बराच वेळ वाजायची, असं उद्यानाच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे. मी तिथेच थांबून विचार केला: ऐन भरात आलेल्या गावात घंटा तीसच्या आसपासच थांबत असेल का? खाणीतले लोक तरुण. न्यूमोनिया, सुरुंग, दारू आणि पिस्तूल. कोणीतरी भट्टीपाशी उभं राहून टोल मोजत असेल, सव्वीस, सत्तावीस, आणि थांबलं की कळत असेल, अमुक गेला.

एका लहान मुलीची गोष्ट इथे सगळे सांगतात. तिचं कुटुंब बोडीला निघालं तेव्हा तिने प्रार्थनेत म्हटलं, "देवा, येते आता, आम्ही बोडीला चाललो." आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, म्हणून मी 'येते' लिहिलं. तिने मात्र देवाचा कायमचा निरोप घेतला होता. जिथे आपण जातोय तिथे तो नाही, हे तिने गृहीत धरलं होतं. बोडीच्या संपादकाने यावर मखलाशी केली, की विरामचिन्हं चुकली आहेत, पोर खरं तर "वा, देवाशपथ, बोडीला चाललो!" म्हणाली. गावाची बाजू घ्यायची म्हणजे अशी घ्यावी. तिकडे १८८१ मध्ये रेव्हरंड वॉरिंग्टन यांनी या गावाला "वासना-विकारांच्या वादळांनी झोडपलेला पापाचा समुद्र" म्हटलं. कीर्तनकारालाही इतकी चांगली ओळ रोज सुचत नाही.

मग १८८२ साली बोडीत दोन चर्च उभी राहिली, दोन्ही एकाच वर्षी. एक मेथडिस्ट, एक कॅथलिक.

हे वर्ष वाचलं तेव्हा मी आधी पुढे सरकले. मग परत आले. कारण १८८२ हे बोडीच्या भरभराटीचं वर्ष नाहीच. तोवर उतरती लागली होती. बऱ्याच खाणींत सोनं संपत आलं होतं, काही बंद पडल्या होत्या. माँटानातल्या ब्यूटची, ॲरिझोनातल्या टूमस्टोनची नवी बातमी आली होती आणि सडेफटिंग तरुण बिऱ्हाडं उचलून तिकडे पळाले होते. बिऱ्हाड तरी काय, एक घोंगडी आणि एक कुदळ. ज्यांच्यासाठी ते पासष्ट गुत्ते होते ती गिऱ्हाइकं गेली. मागे राहिले ते बायकापोरं असलेले, दुकान असलेले, ज्यांना उठून जाणं अवघड होतं ते. आणि त्यांनी चर्च बांधली.

म्हणजे गाव भरत असताना देवाला जागा नव्हती आणि गाव रिकामं व्हायला लागल्यावर दोन-दोन जागा झाल्या. यावर हसणं सोपं आहे. मला आधी हसूच आलं. पण बांधणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर त्यात चुकीचं काय होतं? गावाला उतरती लागली हे गावात राहणाऱ्याला शेवटी कळतं. त्यांना वाटलं असेल, चला, धांगडधिंगा संपला, आता खरं गाव सुरू होईल. आदल्याच वर्षी, १८८१ मध्ये, मोनो मिल्स या लाकूड कापायच्या गिरणीपासून बोडीपर्यंत बत्तीस मैलांची रेल्वेसुद्धा टाकून झाली होती. ती रेल्वे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही रेल्वेला जोडलेली नव्हती, फक्त लाकूड आणायला होती. पण रूळ टाकणारा माणूस गाव सोडून जायच्या तयारीत नसतो. चर्चला खिळा ठोकणाराही नसतो.

हे मला कळायला वेळ लागला नाही, कारण आम्हीही सोन्यासाठीच आलो होतो. दोन वर्षांचं काम, पैसे साठवायचे आणि परत. त्या दोन वर्षांची आता एकोणीस झाली. पहिली पाच-सहा वर्षं आमच्या ओळखीच्यांत देवळाचा विषय कोणी काढला नाही. गणपती एकाच्या गॅरेजमध्ये बसायचा, दिवाळी शाळेचा हॉल भाड्याने घेऊन. कोणाची पोरं शाळेत जायला लागली, कोणी घरं घेतली, आणि मग एके दिवशी एका बंद पडलेल्या गोदामात देऊळ झालं. वर्गणी देताना मला जाणवलं होतं, की आपण परत जाणार नाही याची ही पावती आहे. तेव्हा हे कोणाला बोलले नाही. आईला तर नाहीच.

मेथडिस्ट चर्च अजून उभं आहे. कॅथलिक पुढे जळून गेलं. लाकडी भिंती, उतरतं छप्पर, पुढे छोटासा मनोरा. दारापर्यंत जाता येतं, आत नाही. डोळे अंधाराला सरावल्यावर बाकं दिसतात, एक ऑर्गन दिसतो. सगळ्यावर धूळ. आईने दाराशी चपला काढल्या. मी म्हटलं, अगं आत जायचं नाहीये. "म्हणून काय झालं," म्हणाली आणि तशीच उभी राहिली, फळीवर अनवाणी.

सोनं पूर्ण संपलं नाही. स्टँडर्ड कंपनी अनेक वर्षं तगून राहिली. १८९० च्या दशकात तर तिने तेरा मैलांवरच्या ओढ्यावर वीज तयार करून तारेने गिरणीपर्यंत आणली. इतक्या लांब वीज नेण्याचे ते जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. तार सरळ रेषेत टाकली, कारण वळणावर वीज बाहेर उडी मारेल अशी भीती होती, असं इथे हमखास ऐकवतात. खरं-खोटं असो, ऐकायला छान वाटतं. पण माणसं जातच राहिली. १९१० च्या जनगणनेत ६९८. १९२० मध्ये १२०. आठवड्याचं प्रवचन ऐकायला त्यातले किती येत असतील? तरी १९२८ च्या सुमारास एका माणसाने चर्चची डागडुजी करून पुन्हा प्रार्थना सुरू केल्या. शेवटची प्रार्थना १९३२ मध्ये झाली. त्याच वर्षी जूनमध्ये आग लागली आणि गावाचा बहुतेक भाग खाक झाला. अडीच वर्षांच्या पोराच्या हातात काडेपेटी होती, असं सांगतात. आज जे दिसतं ते जळून उरलेलं गाव आहे, मूळच्या दहा टक्क्यांच्या आसपास. १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारने सोन्याच्या खाणी बंद करायला लावल्या, टपाल कचेरी मिटली, आणि बोडीचा कारभार आटोपला.

चर्चमध्ये व्यासपीठामागे पूर्वी मेणकापडावर रंगवलेल्या दहा आज्ञा टांगलेल्या होत्या. त्यातली एक 'चोरी करू नकोस'. ते मेणकापड चोरीला गेलं.

आईला हे सांगितल्यावर ती इतकी हसली की शेजारचं अमेरिकन जोडपं वळून बघायला लागलं. मग गंभीर होऊन म्हणाली, "त्या माणसाचं भलं झालं नसेल."

तिला ठाऊक नव्हतं, पण बोडीत हीच समजूत आहे. इथली वस्तू उचलून नेली तर मागे पीडा लागते, म्हणतात. युनियनच्या त्याच जुन्या हॉलमध्ये आता संग्रहालय आहे आणि तिथे परत आलेल्या वस्तूंबरोबरची पत्रं लावली आहेत. कोणी खिळा परत पाठवलाय, कोणी काचेचा तुकडा. सोबत कबुली: हे नेल्यापासून नोकरी गेली, आजारपण लागलं, कृपा करून जागच्या जागी ठेवा. मी एक-एक पत्र मराठीत करून सांगत होते आणि आई मान डोलवत होती. आमच्या गावच्या देवराईतली काटकीसुद्धा कोणी चुलीला नेत नाही. का, म्हणून विचारायची पद्धत नाही. शापाची ही गोष्ट उद्यानाच्या रखवालदारांनीच चोऱ्या थांबाव्यात म्हणून पसरवली असंही म्हणतात, तेही मी तिला सांगितलं. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. "मग आमच्याकडे तरी कोणी पसरवली असेल? राखायची म्हणूनच पसरवली. म्हणजे हाच इथला राखणदार."

सकाळच्या प्रश्नाचं तिने परस्पर उत्तर शोधून टाकलं होतं.

माणसांतलाही राखणदार होता. जेम्स केन हा भरभराटीच्या दिवसांत आलेला तरुण. लाकडाच्या धंद्यातून वर आला, पुढे बँक काढली. लोक सोडून जात होते तेव्हा तो त्यांच्या जागा घेत राहिला. गाव ओस पडल्यावर केन कुटुंबाने पहारेकरी ठेवले. ते नसते तर दहा आज्ञांबरोबर बाकंही गेली असती. १९६२ मध्ये गाव राज्य उद्यान झालं. आता दर ऑगस्टमध्ये एक दिवस बोडीच्या स्नेह्यांचा मेळावा भरतो. जुन्या कुटुंबांचे वंशजही येतात. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "जत्राच की मग."

स्मशान गावाबाहेरच्या टेकाडावर आहे. बोडीच्या माणसांबद्दल सगळ्यात जास्त सांगणारी गोष्ट तिथे आहे, असं माझं मत. मूळपुरुष बोडीची हाडं गावकऱ्यांनी वीस वर्षांनी, १८७९ मध्ये, शोधून काढली आणि इथे आणून मानाने पुरली. स्मारकाचा दगड घडवायला घेतला. तेवढ्यात १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांचा खून झाला. गावाला गहिवर आला आणि बोडीच्या दगडावर गारफील्ड यांचं नाव कोरलं गेलं. गारफील्ड यांचा या गावाशी संबंध शून्य. ते तिकडे ओहायोत पुरलेले. ज्याने सोनं शोधलं त्याच्या वाट्याला गाव नाही, नावाचं स्पेलिंग नाही, दगडही नाही. जवळच एका तीन वर्षांच्या मुलीच्या थडग्यावर पांढरा दगडी देवदूत आहे. तिथे लोकांनी नाणी ठेवली होती. आईने पर्समध्ये हात घातला, डॉलरची नोट निघाली, वाऱ्याने उडेल म्हणून परत ठेवली. बराच वेळ शोधून शेवटी पाच रुपयांचं नाणं सापडलं, ते ठेवलं.

दडपे पोहे आम्ही गाडीपाशी बसून खाल्ले. बोडीत डागडुजीचा एक अजब नियम आहे, तो मी तिला सांगत होते. इथे काहीही नवं करायचं नाही आणि काहीही पडू द्यायचं नाही. छप्पर गळत असेल तर ठिगळ लावायचं, भिंत कलली तर टेकू द्यायचा, पण कललेली भिंत सरळ करायची नाही. राज्याकडे आलं तेव्हा गाव जसं होतं तसंच धरून ठेवायचं.

"पडूही द्यायचं नाही आणि नीटही करायचं नाही?"

"हो."

"मग करायचं काय?"

"राखायचं."

ती थोडा वेळ गप्प बसली. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे उद्धार आधी. काळ्या दगडावर ऑइल पेंट, शेणाच्या जमिनीवर चकचकीत लाद्या, सागवानी खांबांना सिमेंटचा गिलावा. मला ते बघवत नाही, आणि मी ते इथून सात समुद्रांपलीकडून म्हणते, हेही मला कळतं. जो गुरव रोज सकाळी निसरड्या पायऱ्या चढून दिवा लावतो, त्याला लाद्या हव्याच असणार. बोडीत दिवा लावायचा नाहीये. जिथे कोणाला राहायचं नसतं तिथे जुनेपण सांभाळणं परवडतं. असा विचार करून मी स्वतःचंच तोंड बंद केलं.

"कौलं तशी चांगली आहेत गं अजून," आई मध्येच म्हणाली. "माझ्या लग्नाआधीची आहेत. पावसात देवळात बसलं ना, की आवाज येत नाही. पत्र्याखाली आरती ऐकू यायची नाही."

"मग सांग ना ग्रुपवर."

"सांगते. आणि परतायला कोणाला पाठवू? तुला?"

बोडीत फोनला रेंज नाही. परत हमरस्त्याला लागून मोनो तलाव दिसायला लागला तेव्हा तिच्या फोनने एकदम टणटण सुरू केली. त्रेचाळीस मेसेज. तिकडे पहाट झाली होती. तिने चष्मा लावला, काहीतरी लिहायला घेतलं, दोन शब्द लिहून थांबली, आणि वरचे मेसेज वाचायला लागली. मग फोन माझ्यासमोर धरला. काल दुपारी काढलेला फोटो होता. देवळाचे वासे उघडे पडलेले, त्यांच्यातून मागचा आंबा दिसत होता. खाली अंगणात, तुळशीवृंदावनाच्या बाजूला, कौलांच्या चळती.

आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"नीट रचून ठेवलीयेत," ती म्हणाली. "एक फुटलेलं दिसत नाही."